जुन्या लॅपटॉपवर आय३: डेस्कटॉप काढला की काय काय हातानं जोडावं लागतं

झेरॉक्सच्या दुकानात, तालुक्याच्या अभ्यासिकेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लोखंडी कपाटात दोन जीबी रॅमचे लॅपटॉप अजून पडून आहेत. पडदा १३६६ बाय ७६८, बॅटरी मरायला टेकलेली, टचपॅड धुळीनं अर्धा बधिर. अशा मशिनीवर लिनक्स आणि त्यावर टायलिंग विंडो मॅनेजर (खिडक्या फरशीसारख्या शेजारी-शेजारी बसवणारा हलका प्रोग्राम) टाका, म्हणजे ती पळेल, असं जो तो सांगतो. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. आय३ हा त्यातलाच एक, तो बसवायला पंधरा मिनिटं पुरतात. नंतरचे दोन दिवस जातात ते नोमसारखा तयार डेस्कटॉप आजवर गुपचूप करत होता ती कामं एकेक करून हातानं जोडण्यात. इथे भर त्याच जोडकामावर आहे.

एक खुलासा आधीच. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत टाकायची.

मेमरी नेमकी किती वाचते

विंडो मॅनेजर हलका झाला म्हणून ब्राउझर हलका होत नाही, राजेहो. डेबियन या लिनक्सवर नुसता एक्स (खिडक्या पडद्यावर दाखवणारी मूळ यंत्रणा), आय३, खालची पट्टी आणि नेटवर्कमॅनेजर एवढंच चालू असेल तर साधारण दीडशे ते अडीचशे एमबी वापर दिसतो. मोठा डेस्कटॉप सुरू होताहोताच त्याच्या कितीतरी पट खातो. वाचलेली रॅम ब्राउझरच्या पाच-सहा टॅबना मिळते, बस. मोजायचंच असेल तर ‘फ्री -एम’ चालवा आणि ‘अव्हेलेबल’चा रकाना पाहा. ‘फ्री’च्या रकान्याला घाबरू नका, लिनक्स रिकामी रॅम कॅशसाठी वापरतोच.

म्हणून विंडो मॅनेजरच्याही आधी दोन पॅकेज टाकावीत. पहिलं झेडरॅम-टूल्स. ते रॅमचाच एक भाग दाबून स्वॅप म्हणून, म्हणजे रॅम भरली की लागणारी राखीव जागा म्हणून, वापरतं. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप’ या फाइलीत ‘पर्सेंट’ ५० ठेवा. प्रोसेसर कोअर २ ड्युओच्या काळातला असेल तर अल्गोरिदम एलझेड४ राहू द्या. झेडएसटीडी जास्त दाबतो, पण जुन्या प्रोसेसरला ते जड जातं. सेवा रीस्टार्ट करून ‘स्वॅपऑन --शो’नं खात्री करा. दुसरं पॅकेज अर्लीऊम. मोकळी रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की ते सगळ्यात मोठा खादाड, म्हणजे बहुतेक वेळा ब्राउझरचा एखादा टॅब, बंद करतं. ते नसेल तर मशीन दहा-दहा मिनिटं गोठते आणि माणूस पॉवरचं बटण दाबून धरतो. फायरफॉक्स असेल तर पत्त्याच्या जागी ‘अबाउट:अनलोड्स’ टाका. तिथून निवांत पडलेले टॅब हातानंही मेमरीतून उतरवता येतात.

आय३च का

मायकेल स्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेला आय३ साध्या मजकुराच्या एका फाइलीवर चालतो, आणि फाइल बदलली की मॉड+शिफ्ट+आर (मॉड म्हणजे आय३च्या शॉर्टकटांसाठी निवडलेली कळ) दाबून उघड्या खिडक्या न गमावता पुन्हा सुरू होतो. सकलेस या गटाचा डीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर २००६ चा. तो याहून लहान आहे, पण प्रत्येक बदलासाठी सी भाषेतली कॉन्फिग.एच सुधारून पुन्हा कंपाइल करावा लागतो. पाच जण वापरतात त्या मशिनीला हे परवडत नाही. एक्समोनॅड चांगला, पण त्याच्यापाठी हॅस्केलचा कंपायलर येतो, म्हणजे फोनच्या डेटावर शेकडो एमबी. बीएसपीडब्ल्यूएमला कळांसाठी एसएक्सएचकेडी हा वेगळा प्रोग्राम लागतो. लिनक्सऐवजी ओपनबीएसडी ही सिस्टीम टाकणाऱ्यांना सीडब्ल्यूएम मूळ सिस्टीमबरोबरच मिळतो, पण तो टायलिंगपेक्षा तरंगत्या खिडक्यांचाच आहे. स्वे म्हणजे वेलँडवरचा (एक्सची जागा घेणाऱ्या नव्या यंत्रणेवरचा) आय३, फाइलही जवळपास तीच. पण अगदी जुन्या ग्राफिक्स चिपवर तो रडतो, तिथे एक्सच बरा.

बसवताना

आधी ‘एलएससीपीयू’ चालवून प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. जुन्या ३२ बिट ॲटम प्रोसेसरच्या नेटबुकला डेबियन १२ च घ्यावा लागतो. नेटइन्स्ट इमेज सातआठशे एमबीची असते. वाय-फाय गावात नसलं तरी अडत नाही. फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू केलं की इन्स्टॉलर त्याला लॅन कार्डासारखं ओळखतो. सॉफ्टवेअर निवडायच्या पानावर डेस्कटॉप आणि नोम या दोन्हींवरची खूण काढा, ‘स्टँडर्ड सिस्टीम युटिलिटीज’ तेवढी ठेवा.

मग झॉर्ग, आय३, एक्सएफसीई४-टर्मिनल, नेटवर्क-मॅनेजर, नेटवर्क-मॅनेजर-नोम ही पॅकेजं. डेटा वाचवायला ‘नो इन्स्टॉल रेकमेंड्स’ लावायचा मोह होतो. तसं केलंत तर डीमेनू (मॉड+डीनं उघडणारा प्रोग्रामांचा मेनू), आय३स्टेटस (पट्टीतली माहिती), आय३लॉक (पडद्याचं कुलूप) येत नाहीत. मॉड+डी दाबलं की काहीच होत नाही आणि खालची पट्टी ‘एरर’चा संदेश दाखवते. लावायचंच असेल तर ‘सकलेस-टूल्स’, ‘आय३स्टेटस’ आणि ‘आय३लॉक’ नाव घेऊन मागवा. मशिनीवर एकही टर्मिनल नसेल तर ते उघडणाऱ्या मॉड+एंटरला फक्त वरच्या बाजूला चुकीची सूचना देणारी एक पट्टी दिसेल.

पहिला घोळ नेटवर्कचा. इन्स्टॉल करताना वाय-फाय वापरलं आणि डेस्कटॉप निवडला नाही, तर डेबियन त्या वाय-फायचं नाव-पासवर्ड ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’मध्ये लिहून ठेवतो. नंतर नेटवर्कमॅनेजर आला तरी तो त्या कार्डाला हात लावत नाही आणि ‘अनमॅनेज्ड’ म्हणतो. त्या फाइलीत ‘एलओ’च्या (मशिनीच्या आतल्या आभासी कार्डाच्या) दोन ओळी ठेवून बाकी कार्डाच्या ओळी काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. पुढे ‘एनएम-ॲपलेट’ पट्टीत दिसू लागतं. टर्मिनलवाल्यांना ‘एनएमटीयूआय’ आहेच.

दुसरा घोळ सुरुवातीच्या फाइलीचा. लॉगिन मॅनेजर न टाकता ‘स्टार्टएक्स’नं चालवायचं ठरवलं की नेटवरचे बहुतेक लेख .एक्सइनिटआरसी लिहायला सांगतात. डेबियनवर त्याऐवजी .एक्ससेशन लिहा, आत एकच ओळ, ‘एक्झेक आय३’. .एक्सइनिटआरसी असली की डेबियनच्या स्वतःच्या एक्ससेशन स्क्रिप्टा वगळल्या जातात. मग मराठी टंकलेखनाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट होत नाहीत आणि माणूस संध्याकाळभर कीबोर्डला शिव्या देतो.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर आय३ मॉड कळ विचारतो. विंडोजची कळ निवडा. ऑल्ट निवडली तर ब्राउझरचं ऑल्ट+बाण आणि मेनूची ऑल्ट अक्षरं आय३शी भांडतात. एका खिडकीतून दुसरीत जायला जे, के, एल आणि अर्धविराम या कळा आहेत. व्हीआय हा एडिटर वापरणाऱ्यांचा हात इथे चुकतो, कारण एच ही कळ आडव्या विभागणीसाठी राखलेली आहे.

१३६६ पिक्सेलवर फरशी बसत नाही

टायलिंगची कौतुकाची चित्रं मोठ्या पडद्यांवरची असतात. आपल्या पडद्याचे उभे दोन भाग केले की एकेकाला ६८३ पिक्सेल येतात. तेवढ्या रुंदीत महाभूलेखासारख्या साइटी फोनसारख्या मांडल्या जातात किंवा बटणं उजवीकडे गडप होतात. म्हणून अशा लॅपटॉपवर आय३च्या कॉन्फिग फाइलीत ‘वर्कस्पेस_लेआउट टॅब्ड’ ही ओळ टाकावी. प्रत्येक खिडकी पूर्ण पडदा घेते आणि वर टॅबची बारीक पट्टी राहते. शेजारी-शेजारी हवंच, म्हणजे डावीकडे सातबारा आणि उजवीकडे अर्ज, तर मॉड+ई दाबलं की त्या वर्कस्पेसपुरती (आय३च्या क्रमांक दिलेल्या आभासी पडद्यापुरती) विभागणी होते. मॉड+डब्ल्यूनं पुन्हा टॅब.

खिडकीत खिडकी अडकण्याची तक्रारही इथलीच. आय३ खिडक्या झाडासारख्या ठेवतो. मॉड+व्ही किंवा मॉड+एच दाबलं की चालू खिडकीभोवती नवी पेटी तयार होते, मग त्यात दुसरी खिडकी येवो न येवो. चुकून चार वेळा दाबलं की टॅबच्या आत टॅब दिसतात. मॉड+ए दाबून पालक पेटी निवडा आणि तिची मांडणी बदला. तेही नको असेल तर ती खिडकी मॉड+शिफ्ट+९ नं नवव्या वर्कस्पेसवर पाठवा आणि तिथून परत आणा, गाठ सुटते.

काही प्रोग्रामना टाइल होणं मानवत नाही. कॅल्क्युलेटर हे नेहमीचं उदाहरण. टर्मिनलमध्ये ‘एक्सप्रॉप’ चालवून त्या खिडकीवर क्लिक करा. डब्ल्यूएम_क्लासच्या ओळीत दोन नावं येतात. पहिलं इन्स्टन्स, दुसरं क्लास. अशी खिडकी तरंगती ठेवायला कॉन्फिगमध्ये ‘फॉर_विंडो’चा नियम लिहितात, त्यात क्लास वापरायचा असेल तर दुसरंच नाव घ्या, बहुतेकांची चूक इथेच होते. फाइल सुधारल्यावर ‘आय३ -सी’, यातला सी मोठ्या लिपीतला, चालवला की चुकलेली ओळ आधीच कळते.

मराठी कळफलक

इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक वापरणाऱ्यांना वेगळा प्रोग्राम लागत नाही, एक्सच्या स्वतःच्या कळफलकावर भागतं. पण ‘सेटएक्सकेबीमॅप’ आय३च्या फाइलीत लिहू नका. यूएसबी कीबोर्ड हलला, किंवा लाईन गेली-आली आणि हब बंद-चालू झाला, की नवा जोडलेला कीबोर्ड ती सेटिंग विसरतो. त्याऐवजी ‘/ईटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड’ या फाइलीत ‘एक्सकेबीलेआउट’ला ‘यूएस,इन’ आणि ‘एक्सकेबीऑप्शन्स’ला ‘जीआरपी:कॅप्स_टॉगल’ द्या. कॅप्सलॉक दाबलं की मराठी, पुन्हा दाबलं की इंग्रजी. विंडोज+स्पेस घेऊ नका, ती जोडी आय३ वापरतो.

क्रम महत्त्वाचा आहे. आय३ त्याच्या कळा पहिल्या आराखड्यावरून (लेआउटवरून) ठरवतो आणि त्या सगळ्या आराखड्यांत चालू ठेवतो. ‘यूएस’ पहिला असेल तर मराठी चालू असतानाही मॉड+डी चालतं. ‘इन’ पहिला ठेवलात तर डी नावाची कळच त्याला सापडत नाही आणि सगळे शॉर्टकट मरतात. उच्चारानुसार लिहायचं असेल तर ‘मार-कगप’ हा प्रकार आहे. तो ‘एक्सकेबीव्हेरिएंट’मध्ये टाकताना आधी स्वल्पविराम द्यायचा, कारण पहिला प्रकार यूएसचा आणि तो रिकामा आहे. स्वल्पविराम सुटला की प्रकार यूएसला चिकटतो आणि काहीच चालत नाही. इनस्क्रिप्टमध्ये ‘दुसऱ्या’तला ऱ शिफ्ट+जे वर आणि ळ शिफ्ट+एन वर आहे.

टाइपरायटरच्या पद्धतीवर हात बसलेल्यांना हे पुरणार नाही. त्यांनी फसीटएक्स५ हा टंकलेखनाचा प्रोग्राम आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकावं, ‘आयएम-कॉन्फिग -एन फसीटएक्स५’ चालवावं आणि बाहेर पडून परत यावं. वर .एक्ससेशनचा आग्रह धरला तो याचसाठी.

आय३लॉकची एक खोड लक्षात ठेवा. मराठी चालू असताना पडदा कुलूपबंद झाला तर पासवर्डही देवनागरीतच टंकला जातो. पांढऱ्या पडद्यावर नुसतं ‘राँग’ येत राहतं. आधी कॅप्सलॉक दाबा, मग पासवर्ड. शेजारी कागदावर लिहून चिकटवलेलं बरं.

अक्षरं दिसण्याचंही सांगतो. फॉन्टसाठी ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ टाका. आय३ची पट्टी आणि टॅबची शीर्षकं पँगो या अक्षरं मांडणाऱ्या लायब्ररीवर चालतात, तिथे जोडाक्षरं नीट येतात. डीमेनू आणि एसटी टर्मिनल एक्सएफटी वापरतात, ते अक्षरं जोडत नाही. ‘ग्रामपंचायत ठराव’ असं फाइलीचं नाव असेल तर वेलांट्या आणि अर्धी अक्षरं सुटी पडलेली दिसतात. फाइल बिघडलेली नसते, दाखवणारा कच्चा असतो. डीमेनूच्या जागी रोफी घ्या, मॉड+डीच्या ओळीत ‘रोफी -शो डीरन’. फाइलींसाठी पीसीमॅनएफएम. कृतिदेव किंवा श्रीलिपीतली जुनी फाइल आली तर तो फॉन्ट ‘.लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये टाकून ‘एफसी-कॅश -एफ’ चालवा. दिसेल मराठी, पण आत रोमन अक्षरंच आहेत, शोधायला गेलात तर सापडणार नाही.

लाईन जाते तेव्हा

मोठा डेस्कटॉप बॅटरी संपत आली की ओरडतो आणि शेवटी मशीन झोपवतो. आय३ काहीच म्हणत नाही. पट्टीवर टक्के दिसत राहतात आणि मग पडदा काळा. हे काम यूपॉवर या बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सेवेवर सोपवा. ‘सिस्टीमसीटीएल स्टेटस यूपॉवर’नं सेवा चालू आहे का पाहा, नसेल तर एनेबल करा. मग ‘/ईटीसी/यूपॉवर/यूपॉवर.कॉन्फ’ उघडा. मूळ आकडे नव्या बॅटरीसाठी आहेत, शेवटची कृती २ टक्क्यांवर ठरलेली. जुनी बॅटरी १५ वरून थेट शून्यावर उडी मारते, म्हणून ‘पर्सेंटेजलो’ ४०, ‘पर्सेंटेजक्रिटिकल’ ३०, ‘पर्सेंटेजॲक्शन’ २० ठेवा. आकडे उतरत्या क्रमानंच हवेत, नाहीतर यूपॉवर तुमचे सगळे आकडे टाकून मूळचे घेतो आणि सांगतही नाही. ‘क्रिटिकलपॉवरॲक्शन’ला ‘पॉवरऑफ’ द्या. हायब्रिडस्लीपला (रॅमची प्रत डिस्कवर ठेवून झोपायला) स्वॅप पार्टिशन लागतं, झेडरॅमवर ते होत नाही, कारण झेडरॅम म्हणजे रॅमच, वीज गेली की तीही गेली.

प्रकाश कमी करायला ब्राइटनेससीटीएल. इन्व्हर्टर नसलेल्या खोलीत ‘ब्राइटनेससीटीएल सेट ३०%’ एका कळीवर बांधून ठेवलेलं बरं. परवानगी नाकारली तर युजरला ‘व्हिडिओ’ गटात घाला आणि पुन्हा लॉगिन करा, नुसत्या मॉड+शिफ्ट+आरनं गट लागू होत नाही. सावल्या आणि पारदर्शकता देणारा पिकॉमसारखा कंपोझिटर, खिडक्यांमधल्या मोकळ्या फटी, धूसर टर्मिनल हे लाड इथे नकोत. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा प्रोसेसर आधीच वेग कमी करून बसलेला असतो.

बारीकसारीक

टचपॅडवर टिचकी मारून क्लिक होत नाही, कारण टचपॅड हाताळणारा लिबइनपुट ते बंदच ठेवतो. ‘/ईटीसी/एक्स११/झॉर्ग.कॉन्फ.डी’त छोटी फाइल करून ‘टॅपिंग’ला ‘ऑन’ द्या. आवाजाच्या कळा आय३च्या मूळ फाइलीत ‘पीएसीटीएल’वर बांधलेल्या आहेत, तो ‘पल्सऑडिओ-युटिल्स’मधून येतो. कॉपी करून ती खिडकी बंद केली की मजकूर गायब होतो. एक्समध्ये कॉपी केलेलं त्या खिडकीकडेच राहतं, म्हणून एक्सएफसीई४-क्लिपमॅन चालू ठेवा. पेन ड्राइव्ह आपोआप जोडायला युडिस्की. पासवर्ड विचारणारी खिडकी येत नसेल तर एलएक्सपोलकिट सुरू करायचा राहिला आहे. हे सगळे आय३च्या फाइलीत ‘एक्झेक --नो-स्टार्टअप-आयडी’ लावून लिहा, नाहीतर कर्सर मिनिटभर घड्याळ दाखवत बसतो. साधा ‘एक्झेक’ फक्त लॉगिनच्या वेळी चालतो. मॉड+शिफ्ट+आरनंतरही चालायला हवं ते ‘एक्झेक_ऑलवेज’नं.

प्रिंटरसाठी कप्स आणि सिस्टीम-कॉन्फिग-प्रिंटर, युजर ‘एलपीॲडमिन’ गटात. लेझरजेट १०२० सारखे जुने प्रिंटर स्वतःत फर्मवेअर साठवत नाहीत, चालू झाले की दर वेळी संगणकानं ते पाठवावं लागतं. लाईन जाऊन आल्यावर दिवे लागतात पण कागद निघत नाही, त्याचं बहुधा हेच कारण. ‘एचपी-प्लगिन -आय’ एकदा चालवून प्लगिन बसवलेलं असेल तर यूएसबी काढून लावली की काम होतं. बोटाचा ठसा घेणारं यंत्र ज्या सेतूत लागतं तिथे मात्र त्याचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो का, ते आधी बघा आणि मगच विंडोज पुसा.

शाळेत प्रोजेक्टर जोडला की काहीच होत नाही. ‘एक्सरँडआर’ चालवून नावं पाहा. जुन्या लॅपटॉपवर बहुधा एलव्हीडीएस-१ आणि व्हीजीए-१ असतात. इंटेलचा जुना एक्स ड्रायव्हर असेल तर मधली आडवी रेघ नसते, म्हणून दुसरीकडून उचललेली आज्ञा चालत नाही. दोन्हीकडे एकच चित्र हवं तर ‘--सेम-ॲज’, दोन्हींना १०२४ बाय ७६८. टंकायचा कंटाळा असेल तर एरँडआर चित्रावर ओढून हेच करतो आणि स्क्रिप्ट जपूनही ठेवतो. कार्यक्रम संपल्यावर केबल काढण्याआधी ‘--ऑफ’ द्या, नाहीतर एखादी खिडकी न दिसणाऱ्या पडद्यावर अडकून राहते.

एका मशिनीवर सगळं बसलं की ‘.कॉन्फिग’मधला आय३चा फोल्डर आणि .एक्ससेशन ‘/ईटीसी/स्केल’मध्ये कॉपी करा. त्यानंतर ‘ॲडयुजर’नं केलेल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या खात्यात ही मांडणी तयार मिळते. आधीपासूनच्या खात्यांत ती जात नाही. तिथे हातानं कॉपी करून ‘चोन’नं मालकी त्या युजरची करा. रूटची राहिली तर आय३ फाइल वाचतो खरा, पण मुलाला ती सुधारता येत नाही.